१,८६,००० किमी झालेली पेट्रोल गाडी ऑइल खाते. इंजिन खोलण्याआधी काय काय तपासावं?

पंचगंगातीर

नमस्कार मंडळी. घरात २०११ ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक आहे. बाबांनी निवृत्तीच्या वर्षी घेतली, आता मी चालवतो. मीटर १,८६,४०० किमी दाखवतोय. गेल्या दिवाळीपर्यंत दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइलची पातळी जवळपास हलायचीच नाही. आता हजार-बाराशे किमीत ती डिपस्टिकच्या पट्टीच्या खालच्या खुणेला टेकते. पार्किंगमधे डाग नाही. पिकअप ठीक आहे, अ‍ॅव्हरेज १६ च्या आसपास. सकाळी पहिल्यांदा चालू केली की मागून धूर येतो असं शेजारचे काका म्हणतात. मी आत बसलेला असतो, त्यामुळे मला तो दिसत नाही.

नेहमीच्या मेकॅनिकने चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं, हात धरला आणि म्हणाला, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय. रिंग-पिस्टन गेले. इंजिन काम करावं लागेल." म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली सुटतोय म्हणे. अंदाज ४२,००० चा दिला. दुसऱ्या गॅरेजात सांगितलं की जाड ऑइल टाका आणि विसरून जा.

पुढच्या वर्षी गाडीला १५ वर्षं होतील, रीपासिंगचा खर्च येईल. बाबांना गाडी विकायची नाही आणि मलाही नाही. इंजिन खोलायला माझी ना नाही, पण खोलायलाच हवं याची खात्री झाल्याशिवाय हात लावू देणार नाही. कुठून सुरुवात करू?

सह्यकडा

सुरुवात मोजण्यापासून करा. "हजार-बाराशे किमीत खाली येते" यावर कुणीच निदान करू शकणार नाही.

गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन गरम करून बंद करा, दहा मिनिटं थांबा. पट्टी पुसून परत घाला आणि बघा. बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरा आणि मीटरचा आकडा लिहून ठेवा. ५०० किमी झाले की त्याच जागेवर, त्याच पद्धतीने पुन्हा बघा आणि वरच्या खुणेपर्यंत यायला किती मिली लागलं ते मापाच्या ग्लासने मोजा. बहुतेक छोट्या गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर पाऊण ते एक लिटरचं असतं. म्हणजे अर्ध्या पट्टीच्या अंदाजातही दोन-तीनशे मिलीची चूक सहज होते.

आणि वरच्या खुणेच्या वर एक थेंबही नको. जास्त भरलेलं ऑइलही ब्रीदरमधून (इंजिनमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ओढलं जाऊन जळतं, आणि तुमचं मोजमाप बिघडतं.

दख्खन_रोड

एवढं कशाला? २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल टाका. माझ्या जुन्या गाडीत टाकलं होतं, टॉपअप निम्म्यावर आलं. इतक्या चाललेल्या इंजिनाला पातळ ऑइल झेपत नाही.

उद्यमनगर_लेथ

भावा, माझं आयुष्य कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात बोअरिंगच्या मशीनवर गेलं. आमच्याकडे गॅरेजवाले ब्लॉक आणून टाकतात आणि आम्ही बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, मोजतो. कितीतरी वेळा मोजून सांगितलंय की बोअर चांगला आहे, उगाच खोललं. तोवर माणसाचे पैसे गेलेले असतात. म्हणून सविस्तर लिहितो.

दख्खन_रोड, जाड ऑइलने टॉपअप कमी होतं, हे खरं आहे. पण या गाड्यांत टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताठ ठेवणारा भाग) ऑइलच्या दाबावर चालतो, ऑइलच्या वाटाही बारीक असतात. थंडीच्या सकाळी इतकं जाड ऑइल वर पोचायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) कोरडा फिरतो. मॅन्युअलमधे एक पायरी जाड ग्रेड दिलेली असेल तर ती जरूर वापरावी, पण निदान झाल्यावर. आत्ता जाड टाकलं तर आजार दबेल आणि कुठला होता ते कळणार नाही.

ऑइल जायला वाटा तीनच: बाहेर गळतं, आत जळतं, नाहीतर पाण्यात मिसळतं. पाण्याचं लगेच कळतं. रेडिएटरच्या बाटलीत चहाच्या सायीसारखा थर दिसतो का बघा.

गळतीला "डाग नाही" एवढा पुरावा पुरत नाही. चालत्या गाडीत गळलेलं ऑइल वाऱ्याने मागे उडतं, नाहीतर गरम सायलेन्सरवर पडून तिथंच जळतं. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग, चेन कव्हरचा जोड, ऑइल फिल्टरची बैठक, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली जागा हे सगळं पुसून कोरडं करा. त्यावर साधी टाल्कम पावडर फुंका. पंधरा-वीस किमी फिरून या. गळती असेल तर पावडरीवर ओली रेघ उमटते आणि उगम सापडतो. फक्त बेल्टपासून पावडर लांब ठेवा.

आता त्या "बॅक कॉम्प्रेशन" बद्दल. झाकण काढल्यावर थोडी हवा आणि ऑइलचे शिंतोडे येणं नवीन इंजिनातही होतं. शिवाय पीसीव्ही वॉल्व्ह (इंजिनच्या आतले वायू परत हवेच्या वाटेत सोडणारी झडप) चोंदला असेल तर रिंगा ठीक असूनही झाकणातून फुसफुस येते, कारण क्रँककेसमधल्या, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीतल्या, वायूला बाहेर पडायला वाट उरत नाही. नुसता झाकणावर हात धरून रिंग-पिस्टनचा निकाल देऊ नये.

साखरपा_नाका

दादा, मी आठवड्यातून एकदा आंबा घाट उतरते आणि चढते, त्यामुळे एक सोपी परीक्षा सांगते. घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधे, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून पूर्ण काढून, इंजिनच्या ब्रेकवर उतरा. दोन-तीन किमी तरी तसंच. खाली सपाटीवर आलात की आरशात बघत अ‍ॅक्सिलरेटर दाबा. निळसर धुराचा एक लोट येऊन संपला तर संशय वॉल्व्ह सीलवर, म्हणजे वॉल्व्हच्या दांडीवर बसणाऱ्या रबरी सीलवर. थ्रॉटल (हवेची झडप) बंद असताना इनटेकमधे (हवा आत येण्याच्या वाटेत) व्हॅक्यूम जोरात असतो, तो वॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल खाली ओढतो. तेच ऑइल पाय दाबल्यावर एकदम जळतं.

याउलट घाट चढताना, इंजिनवर भार असताना सतत निळा धूर येत राहिला तर रिंगांकडे बघावं लागतं. मागच्या गाडीतल्या कुणालातरी बघायला सांगा, आरशात तो नीट दिसत नाही.

आणि सकाळच्या धुराचा शेजाऱ्यांना नीट रंग विचारा. गार सकाळी पांढरी वाफ प्रत्येक गाडीतून निघते आणि हवेत लगेच विरते. ऑइलचा धूर निळसर असतो, जरा वेळ रेंगाळतो, डोळ्यांना आणि नाकाला झोंबतो.

पंचगंगातीर

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला हिशेब: १,८६,४१२ ला वरच्या खुणेपर्यंत भरलं. १,८६,९१५ ला पुन्हा वरच्या खुणेपर्यंत आणायला ३८० मिली लागलं. म्हणजे हजार किमीला साधारण ७५० मिली.

पावडरीचा प्रयोग केला. सगळीकडे पावडर कोरडीच राहिली. रेडिएटरची बाटली स्वच्छ.

शेजारचे काका काल सकाळी मुद्दाम गच्चीवरून बघायला उभे राहिले. धूर निळसर, सात-आठ सेकंद, मग बंद. नंतर गाडी दहा मिनिटं उभ्या-उभ्या चालू ठेवली आणि रेस केली तेव्हा पुन्हा एक लोट. चढावर मागून मित्र येत होता, त्याला काहीच दिसलं नाही.

सह्यकडा

सुंदर. रोग अर्धा सापडलाय. पण चढावर धूर दिसला नाही म्हणून रिंगांना लगेच सोडून देऊ नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर शुद्ध करणारा भाग) गरम असेल तर बऱ्यापैकी ऑइल तिथंच जळून जातं आणि मागे काही दिसत नाही. लिटरभर ऑइल खाणाऱ्या कितीतरी गाड्या धूर दाखवत नाहीत. तो कन्व्हर्टरही यात हळूहळू मरतो, ऑइलमधलं फॉस्फरस त्याच्या थरावर बसतं.

हडसनकाठचा_मराठी

इकडे न्यू जर्सीत जुनी गाडी घेताना हा विषय हमखास निघतो. टोयोटाच्या २.४ लिटर २एझेड-एफई इंजिनाचं उदाहरण इथं सगळ्यांना माहीत असतं. २००७ ते २००९ च्या काही गाड्यांसाठी कंपनीने पिस्टन आणि रिंगांचं वॉरंटी कवच वाढवून दिलं आणि सुधारित पिस्टन बसवले. त्याआधी गाडीची रीतसर चाचणी व्हायची: ऑइल पूर्ण भरायचं, १,२०० मैल चालवायची, एक क्वार्टहून जास्त कमी झालं तरच काम मंजूर. म्हणजे साधारण १,९०० किमीत ९५० मिली. सह्यकडा म्हणतात तेच, मापाशिवाय पुढे जायचं नाही.

अजून एक लक्षात घ्या. गाडी फक्त गावात, दोन-तीन किमीच्या फेऱ्यांना वापरली तर न जळलेलं पेट्रोल ऑइलमधे उतरतं आणि पातळी खोटी वर दिसते. मग एखाद्या दिवशी हायवेला नेली की ते पेट्रोल उडून जातं आणि वाटतं, ३०० किमीत अर्धा लिटर ऑइल खाल्लं! तुमचे ५०० किमी कसे झाले तेही लिहून ठेवा.

उद्यमनगर_लेथ

आता दोन कामं. दोन्ही स्वस्त आहेत.

पहिलं पीसीव्ही. टॅपेट कव्हरवर असतो, त्यातून रबरी नळी इनटेकला जाते. इंजिन चालू ठेवून वॉल्व्ह कव्हरमधून उपसा, नळी जोडलेलीच ठेवा, तोंडावर बोट धरा. बोट ओढलं गेलं पाहिजे. मग बंद करून वॉल्व्ह काढून कानाशी हलवा, आतली गोळी टकटक वाजली पाहिजे. चोंदलेला असेल तर आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या वाटेने ढकललं जातं. उघडा अडकला असेल तर इनटेक थेट ऑइलची वाफ ओढत बसतं. दोन्हीकडून खप वाढतो.

दुसरं, चारही स्पार्क प्लग काढा आणि कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ओळीत ठेवा. फक्त वरच्या भागाला, जिथं कॉइल बसते तिथं ऑइल असेल तर ते कव्हरच्या सीलमधून उतरलेलं आहे, त्याचा जळण्याशी संबंध नाही. खाली टोकाला काय आहे ते महत्त्वाचं.

ठाणे_सीएनजी

माझी गोष्ट उलटी, म्हणून लिहितो. माझी गाडी सीएनजीवर चालते. सीएनजीत काजळी धरत नाही, त्यामुळे १२,००० किमीनंतरही ऑइल सोनेरीच दिसायचं. "अजून चांगलं आहे" म्हणून मी बदलायचं लांबवत गेलो. ही माझी चूक. रंग चांगला असला तरी ऑइल उष्णतेने संपलेलं होतं आणि रिंगांमागे कार्बन साचत गेला.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासलं तर चारही सिलिंडर ठणठणीत. तरी खप हजाराला ८०० मिली. तेव्हा समजलं की कॉम्प्रेशन मुख्यतः वरच्या दोन रिंगा धरतात. भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली सोडायचं काम तिसऱ्या रिंगचं, आणि ती कार्बनने जाम झाली, तिच्या मागची बारीक भोकं बुजली तरी कॉम्प्रेशन तसंच राहतं. मेकॅनिकने प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमधे कार्बन सोडवणारं द्रावण घातलं, दोन रात्री मुरू दिलं. मग प्लग न लावता, भोकांवर कापड टाकून आधी स्टार्टर फिरवला. ते फार महत्त्वाचं आहे. आत द्रव साठलेला असताना प्लग लावून स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. नंतर ऑइल आणि फिल्टर बदलला. खप ८०० वरून ३५० वर आला. इंजिन उघडावं लागलं नाही. पण सगळ्यांना हा गुण येतोच असं नाही, हेही सांगतो.

पंचगंगातीर

रविवारी गॅरेजवाल्या मित्राकडे दिवसभर बसलो. सापडलं ते असं:

पीसीव्ही हलवला तर आवाज नाही. बोट ओढलं जात नाही. आत काळा, डिंकासारखा चिकटा भरलेला. नळीही कडक होऊन टोकाला चिरलेली. दोन्ही नवीन बसवले, ६५० रुपये. बसवल्यावर ऑइलचं झाकण काढून बघितलं, ती फुसफुस जवळजवळ नाहीशी झालेली. ज्या फुसफुशीवरून ४२,००० चं काम सांगितलं होतं ती हीच.

प्लग: १ आणि ४ फिकट तपकिरी, कोरडे. २ वर एका बाजूला राखेचा करडा खडा चिकटलेला. ३ चा प्लग हातात घेतला तर टोक ओलसर काळं, बोट लावलं की तेलकट छाप उठतो, पेट्रोलचा वास नाही. चारही पुसून ठेवले नाहीत, तसेच कागदावर नंबर टाकून फोटो काढले.

मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम, पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइलचे सॉकेट सोडलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. १६८, १७२, १६५, १७० पीएसआय. तिसऱ्यात चमचाभर ऑइल घालून परत घेतलं तर १७३.

उद्यमनगर_लेथ

चारांत फरक पाच टक्क्यांच्या आत आहे. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत चालतं. तिसऱ्यात ऑइल घातल्यावर मोठी उडी आली नाही, म्हणजे वरच्या रिंगा आणि बोअर ठीक. पण ठाणेकरांनी लिहिलंय तसं ऑइल रिंगचं उत्तर यातून मिळत नाही.

त्यासाठी मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा प्लगच्या भोकातून सोडा. पिस्टनच्या माथ्यावर बघायचं. रिंगांतून ऑइल वर येत असेल तर ते माथ्याची कड धुऊन काढतं. मधे काळा कार्बन आणि कडेने गोल स्वच्छ पट्टा दिसतो. माथा सगळा सारखा काळा असेल, आणि वरच्या इनलेट वॉल्व्हच्या आसपास ओलं चकाकत असेल, तर ऑइल वरून पडतंय. बोअरच्या भिंतीवर होनिंगच्या (बोअर घासताना पाडलेल्या) तिरप्या फुल्या अजून दिसतात का तेही बघा.

वाळूज_पाळी

मधे विचारतो, माफ करा. माझी टर्बो डिझेल आहे, २.१ लाख किमी. इंटरकूलरच्या पाइपात ऑइल दिसतं. टर्बो गेला का?

सह्यकडा

पाइपाच्या आत पातळ थर असणं नेहमीचं आहे, ब्रीदरची वाफ तिथूनच जाते. पाइप काढल्यावर ऑइल ओघळून पडत असेल तर काळजीचं. टर्बोच्या तोंडाशी पंखा बोटांनी धरून पुढे-मागे हलवा. बाजूला किंचित हलला तर चालतं, पुढे-मागे हलता कामा नये. हे लवकर करा. डिझेलमधे टर्बोचं सील पूर्ण सुटलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत बेफाम पळतं, चावी काढूनही थांबत नाही. तशी वेळ आलीच तर मॅन्युअल गाडीत ब्रेक दाबून धरून सगळ्यात वरच्या गिअरमधे क्लच सोडायचा आणि इंजिन दाबून बंद पाडायचं. वेगळा धागा काढा, सविस्तर बोलू.

पंचगंगातीर

कॅमेरा सोडला. चारही पिस्टन सारखे काळे, कडेचा पट्टा कुठेच नाही. फुल्या सगळीकडे दिसतात, दुसऱ्यात एका बाजूला जरा पुसट. तिसऱ्यात इनलेट वॉल्व्हच्या मागच्या कडेला ओला कार्बन लोंबतोय.

पीसीव्ही बदलल्यानंतरचा हिशेब: १,००० किमीत ५२० मिली. म्हणजे ७५० वरून खाली आलं, पण अजून खूप आहे. सकाळचा धूर तसाच.

उद्यमनगर_लेथ

आता निर्धास्त सांगतो: वॉल्व्ह सील. चौदा वर्षांत रबर कडक होतं, वॉल्व्हच्या दांडीला घट्ट बसत नाही. त्यासाठी हेड (वॉल्व्ह असलेला इंजिनचा वरचा भाग) खाली उतरवायची गरज नाही. कॅम काढायचे, चेनच्या खुणा आधी रंगाने पक्क्या करायच्या, आणि स्प्रिंग दाबताना वॉल्व्ह आत पडू नये म्हणून प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी भरून पिस्टन हाताने वर आणायचा. दोरी दाबली जाऊन वॉल्व्ह वर धरून ठेवते. कॉम्प्रेसर असेल तर हवेचा दाबही चालतो. सील काढल्यावर दांडी बोटाने डावी-उजवी हलवून बघायला सांगा. गाइड (दांडी ज्यातून सरकते त्या नळ्या) ढिले असतील तर नवीन सीलही फार दिवस टिकणार नाहीत, आणि मग हेड माझ्यासारख्याकडे पाठवावं लागेल.

साखरपा_नाका

दादा, काम होईपर्यंत दर आठवड्याला पट्टी बघत जा. डॅशबोर्डचा लाल ऑइलचा दिवा पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो लागेपर्यंत चेंबर (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) जवळपास रिकामं झालेलं असतं. माझ्या मावसभावाने दिव्यावर विसंबून घाटात बेअरिंग गमावलं.

पंचगंगातीर

आज काम झालं म्हणून लिहितो. सोळाही सील बदलले, टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवीन, मजुरी धरून ७,८०० रुपये. दीड दिवस लागला. गाइड दोन्ही बाजूंना तपासले, खेळ जाणवण्याइतका नाही.

जुने सील मागून घेतले. नवीन सील बोटात दाबला तर मऊ, दाब सोडला की परत गोल. जुना प्लास्टिकच्या बटणासारखा कडक. तिसऱ्या सिलिंडरचा एक तर पकडीने काढतानाच दोन तुकडे झाला. आतल्या ज्या बारीक ओठाने वॉल्व्हची दांडी पुसायची तो झिजून सपाट झालेला. बाबांनी तो तुकडा बराच वेळ हातात धरून बघितला.

आज सकाळी काका पुन्हा गच्चीवर उभे होते. हात हलवून म्हणाले, काही नाही.

ठाणे_सीएनजी

फार बरं वाटलं वाचून. हजार किमी झाल्यावर आकडा नक्की टाका.

पंचगंगातीर

१,००४ किमी झाले. कोल्हापूर-रत्नागिरी-कोल्हापूर एक फेरी, बाकी गावात आणि इचलकरंजीला जाणं-येणं. घाटाखाली मागून मित्र होता, त्याला धूर दिसला नाही. त्याच जागेवर, त्याच मापाने मोजलं. लागलं १४० मिली.

ऑइल मॅन्युअलमधलंच ठेवलंय, ग्रेड बदलला नाही. दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर परत राख धरते का ते ५,००० किमीला काढून बघणार आहे, फोटो इथेच टाकतो.